टॅलेंट एजंटबरोबर पहिली भेट, तयारी कशी करू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
सहा वर्षं नाटकात काम करतेय. कॅमेऱ्यासमोर मात्र दोन शॉर्ट फिल्म आणि एक जाहिरात, एवढंच. आता एका टॅलेंट एजंटने (कलाकारांना कामं मिळवून देणारा) पुढच्या आठवड्यात भेटायला बोलावलंय आणि ही संधी मला अजिबात वाया घालवायची नाही.

फोटो ताजे आहेत, कमी मेकअपमधले, आत्ता दिसते तसेच. अडलंय ते शोरीलपाशी (माझ्या निवडक सीन्सची छोटी व्हिडिओ क्लिप). ३ मिनिटांची आहे, ती दीडवर आणतेय. पण सुरुवातीला काय ठेवू? माझा सगळ्यात चांगला सीन लांबून शूट झालाय, चेहरा नीट दिसतच नाही. जवळून घेतलेला सीन आहे, पण अभिनय त्यामानाने साधा. नाटकाचं रेकॉर्डिंग घालावंसं वाटत नाही. रंगमंचावर शोभणारा आवाज कॅमेऱ्यात फार मोठा वाटतो.

दुसरं, "तुला कोणत्या भूमिका शोभतील?" असं विचारलं तर? "काहीही करेन" हे उत्तर मला पटत नाही. तुम्ही काय सांगितलं होतं?

एजंटने कमिशन काम मिळाल्यावर घ्यायचं असतं, आधीच नोंदणी फी मागितली तर उठून यायचं, एवढं पक्कं ठरवलंय. पण कराराची मुदत किती, मी स्वतः मिळवलेल्या कामावरही कमिशन द्यावं लागेल का, करारातून बाहेर पडायचं तर काय, हे पहिल्याच भेटीत विचारलेलं चालतं का?

एक गंभीर आणि एक हलकाफुलका मोनोलॉग (एकट्याने सादर करायचं स्वगत) तयार ठेवलाय. अशा भेटीला जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.