जिप्सीचा मागचा डिफ्रन्शल (मागच्या चाकांना ताकद वाटणारे गिअर) घरी खोलून बांधावा का? माझं मत : हो

भांडुपचा जिप्सीवाला :
मागच्या पावसात हिंदमाताला अर्ध्या चाकापर्यंतच्या पाण्यातून गाडी काढली. डिफ्रन्शलचं तापलेलं हौसिंग (बाहेरची पेटी) पाण्यात एकदम थंड झालं की आतली हवा आकसते आणि ब्रीदर (हवा ये-जा करायची वाट) तुंबलेला असेल तर सीलमधून पाणी आत ओढलं जातं, हे तेव्हा माहीत नव्हतं. नंतर ड्रेन प्लग खोलला तर ऑइल चहासारखं आणि बेअरिंगं गेलेली. एका गॅरेजने बेअरिंगं बदलून दिली, पण ईस्टर्न एक्सप्रेसवर ६० ला ॲक्सिलरेटर दाबला की हूंऽऽऽ आणि पाय काढला की बंद, म्हणजे चाकाचं बेअरिंग नाही, क्राऊन-पिनियनच (आतली मोठ्या-छोट्या गिअरची जोडी). बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक, किती ठेवला विचारलं तर म्हणे हाताने बघितला. मग परत त्यांच्याकडे का जायचं? जिप्सीचे दोन्ही ॲक्सल ओढले, प्रोपेलर शाफ्ट (पुढून ताकद आणणारा दांडा) सोडला की अख्खा सेट हौसिंगच्या पुढून निघतो. मी मोजून बांधणार, आणि ज्याला घाई नाही त्याने हे घरीच करावं असं माझं स्पष्ट मत आहे.

कुर्ल्यात २२ वर्षं :
दादा, खोलेल कोणीही हो. पिनियनच्या बेअरिंगखाली शिम (पातळ चकती) असतो, तो बदलायचा तर दर वेळी बेअरिंग प्रेसवर काढा, घाला. प्रेस कुठाय घरी? हातोडीने ठोकलंत की नवं बेअरिंग तिथेच खराब. आणि पिनियनच्या दोन बेअरिंगच्या मधला स्लीव्ह (नळी) एकदाच चेपतो, नट जरासा जास्त आवळला गेला तर सैल करून भागत नाही, नवा स्लीव्ह टाकून पहिल्यापासून सुरुवात. एका गॅरेजवरून सगळ्यांना तोलू नका, माझ्याकडे डायल गेज (बारीक हालचाल मोजायचा काटा) आहे आणि प्रत्येक गाडीला लावतो मी.

भांडुपचा जिप्सीवाला :
तुमच्यासारखे असतील तर प्रश्नच नाही, पण गिऱ्हाईकाला आधी कसं कळणार? प्रेसचं म्हणाल तर जुन्या बेअरिंगची आतली रेस (कडी) घासून मोकळी केलीय, शिम ठरेपर्यंत तीच सरकवायची आणि नवं बेअरिंग शेवटी एकदाच बाहेरून प्रेस करून आणायचं. डायल गेज नागदेवीतून आणला मॅग्नेटिक स्टँडसकट. प्रीलोडसाठी (बेअरिंग किती आवळून बसलंय ते बघायला) पिनियनच्या फ्लँजला, म्हणजे शाफ्ट जोडायच्या चकतीला, दोरी गुंडाळून ताणकाट्याने ओढायची, किती जोर लागला की फिरतंय ते काट्यावर दिसतं. बॅकलॅश साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटरच्या मधला असतो, एवढी बारीक गोष्ट अंदाजाने होते हे मला पटतच नाही.

कमिटीवाली, मुलुंड :
मोजमापातलं मला कळत नाही पण हे सगळं करणार कुठे? आमच्या कंपाउंडमध्ये एकजण नुसत्या जॅकवर गाडी चढवून खाली झोपला होता आणि बाजूला मुलं क्रिकेट खेळत होती, मी त्याला अक्षरशः ओढून बाहेर काढलं. नंतर त्या घाण वासाच्या गिअर ऑइलचा डाग फरशीवर, उरलेलं गटारात. आठ दिवस गाडी मोडलेली उभी म्हणजे दुसऱ्याचं पार्किंग अडलेलं. मुंबईत हे काम गॅरेजचंच.

भांडुपचा जिप्सीवाला :
ताई, नुसत्या जॅकखाली जाणाऱ्याला मीही हाकलेन. गाडी स्टँडवर, पुढच्या चाकांना दोन्हीकडून लाकडं, जागा माझी स्वतःची. ऑइल डब्यात भरून जुनं ऑइल घेणाऱ्याला देणार. जुळवायचं काम तर वर घरात टेबलावरच होतं, अडचण फक्त काढण्या-बसवण्याच्या दोन दिवसांची.

कुर्ल्यात २२ वर्षं :
रेस घासलीत, चांगलं केलंत. बेअरिंगच्या कॅपवर खुणेचा पंच मारला का पण? डावी उजवीकडे गेली तर बेअरिंग नीट बसणारच नाही. आणि दादा, खरी भीती वेगळीच आहे. गाडी त्या चुकीच्या सेटिंगवर चाललीय ना, दात तसेच घासले असतील. आता शिम अचूक लावलात तरी आवाज जाईलच असं नाही.

भांडुपचा जिप्सीवाला :
पंच मारलाय. दातांचं मात्र माझ्या लक्षात आलं नव्हतं, हे बरोबर बोललात. रविवारी दातांना प्रशियन ब्लू (दात कुठे टेकतात त्याचा छाप दाखवणारा निळा रंग) लावून फिरवतो, छाप दाताच्या कडेला सरकलेला दिसला तर जोडीच नवी घेईन, क्राऊन आणि पिनियन दोन्ही, कारण ते एकमेकांवर घासून जुळवलेले असतात. नवी जोडीसुद्धा मीच मोजून बसवणार. छापाचा फोटो इथे टाकतो, तुम्ही बघून सांगा.