चोरी झाली की गाडी आधी पारधी वस्तीतच का जाते?

बार्शीकर_केटरर्स
मागच्या आठवड्यात एका मंगल कार्यालयात लग्नात नवरीच्या मावशीचं साडेतीन तोळ्याचं गंठण गेलं. माझी अकरा पोरं कामाला होती, शिवाय डेकोरेशनवाले, बँडवाले, फोटोवाले, तीनशे पाव्हणे, पण पोलिसांनी उचलला फक्त एकच, माझ्याकडचा एकोणीस वर्षांचा पोरगा, कारण आधार कार्डावर वस्तीचं नाव बघितलं आणि हवालदार म्हणाला, पारधी आहे, घाला गाडीत. अहो तो सकाळपासून माझ्या डोळ्यांसमोर कढईवर पुऱ्या तळत होता, नवरीच्या खोलीकडं फिरकलासुद्धा नाही, मी तीनदा सांगितलं. रात्री अकरापर्यंत ठाण्यात बसवून ठेवला. दुसऱ्या दिवशी गंठण मावशीच्याच सुनेच्या मेकअपच्या पेटीत सापडलं. पोराला कुणी सॉरी पण म्हणलं नाही, आता तो कामाला येत नाहीये. चौकशी करू नका असं नाही म्हणत मी, पण मग अकराच्या अकरा जणांची करा ना. मी तेव्हा काय करायला पाहिजे होतं आणि आता काय करता येईल?

शिवारातला
दादा तुमचा राग कळतो, पण पोलिसांनी सुरुवात कुठून करायची? आमच्याकडं दरोडा पडला तेव्हा खरंच त्या वस्तीतले दोघं निघाले होते.

माळरान
दोघं निघाले म्हणजे दोघंच निघाले ना भाऊ. बाकी कुठल्या जातीचा चोर सापडला की त्याची अख्खी आळी ठाण्यात नेतात का? मी स्वतः फासेपारधी आहे, पुण्यात नोकरी करतो. इंग्रजांनी 1871 ला कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या, पुढं सोलापुरात तारेच्या कुंपणाआड सेटलमेंट झाली, हजेरी लागायची. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा गेला, म्हणून आम्ही विमुक्त, पण जत्रा आली की जीप अजून पालावर येतेच. आणि झडती कायम आमचीच घेतली तर रेकॉर्डवर नावं पण आमचीच चढणार, मग तेच रेकॉर्ड दाखवून पुढची झडती. शाळेत कुणाचा कंपास हरवला की मास्तर पहिलं माझं दप्तर उलटं करायचे. चौथीत गेल्यावर तर काही हरवलं म्हणलं की मी स्वतःच दप्तर उघडून बाकावर ठेवायला लागलो. त्या पोराला भेटून या दादा, फोन नका करू, घरी जा.

वकील_सोलापूर
शिवारातला, सुरुवात कुठून करायची तर खोलीत कोण आलं गेलं तिथून. नुसत्या जातीवरून सुरुवात केली की काय होतं त्याचं उदाहरण म्हणजे नाशिक जिल्ह्यातलं 2003 चं दरोडा, खून आणि बलात्काराचं प्रकरण. भटक्या जमातीतले सहा जण धरले, 2009 ला सुप्रीम कोर्टानं सहाही जणांना फाशीची शिक्षा ठोठावली, आणि त्याच कोर्टानं 5 मार्च 2019 ला सगळ्यांना निर्दोष सोडलं, प्रत्येकी 5 लाख भरपाई द्यायला लावली. वाचलेल्या बाईनं पोलिसांच्या फोटोंमधून दुसरेच चौघं ओळखले होते, त्यांचा तपासच झाला नव्हता. सोळा वर्षं गेली या माणसांची.

बार्शीकर, तेव्हा विचारायचं होतं की अटक आहे का नुसती चौकशी, अटक असेल तर कारण सांगावं लागतं, नातेवाइकांना कळवावं लागतं, 24 तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करावं लागतं. 15100 वर फोन केला तर फुकट वकील मिळतो. आता पहिलं काम, कार्यालयाचं सीसीटीव्ही फुटेज पुसलं जायच्या आत ताब्यात घ्या आणि तुमचा जबाब लेखी एसपी ऑफिसला द्या, पोच घ्या. राज्य मानवी हक्क आयोगाकडं पण जाता येतं. पारधी अनुसूचित जमातीत येतात, त्यामुळं अॅट्रॉसिटीचं कलम बसतं का ते कागद बघून सांगतो. पण तक्रार करायची का नाही हे त्या पोरानं ठरवायचं, उद्या गाडी परत त्याच्याच दारात येणारे.

बार्शीकर_केटरर्स
सगळ्यांचे आभार. फुटेज मिळालं, कढईपाशीच दिसतोय तो दिवसभर. काल संध्याकाळी घरी जाऊन आलो. आईनं चहा केला, म्हणाली, दादा, लग्नाच्या कामाला नका नेऊ त्याला. तक्रारीचं तो दोन दिवसांत सांगतो म्हणाला. रविवारी पंगत आहे, येतोस का विचारलं, काही बोलला नाही.