मदत हवी आहे: लहान मुलांची नर्स प्रॅक्टिशनर व्हायचंय

नमस्कार ताई-दादांनो. मी मूळची रावेरची. बी.एस्सी. नर्सिंगनंतर चार वर्षं अक्कलकुवा तालुक्यात उपकेंद्रावर आहे. दिवस लेकरांमध्येच जातो. लस, जुलाब, ताप, वजन. दंडाचा घेर ११५ मिलिमीटरच्या खाली गेला की मूल अतितीव्र कुपोषित. मग आईला पोषण पुनर्वसन केंद्रात चल म्हणून विनवायचं. ती विचारते, "घरची बाकीची पोरं कोण पाहील?" याला माझ्याकडे उत्तर नसतं. मूल तपासावं, उपचार ठरवावेत आणि त्याच मुलाला वर्षानुवर्षं वाढताना पाहावं, हे मला नीट शिकायचंय.

अमेरिकेत प्राथमिक सेवेतल्या पेडियाट्रिक नर्स प्रॅक्टिशनर हेच करतात. १९६५ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात याची सुरुवात झाली. तिथे आधी एनक्लेक्स (नर्सच्या परवान्यासाठीची परीक्षा), आरएन म्हणजे नोंदणीकृत नर्सचा परवाना, मग मास्टर्स किंवा डीएनपी (नर्सिंगमधली डॉक्टरेट) आणि शेवटी प्रमाणपत्र परीक्षा. आपल्याकडे बालआरोग्यातलं एम.एस्सी. नर्सिंग दोन वर्षांचं आहे, पण मला ते शिकवण्याच्या नोकरीकडे जास्त झुकलेलं वाटतं.

या वाटेने कुणी गेलंय का? इथे एम.एस्सी. करून जावं की थेट एनक्लेक्स द्यावी? उपकेंद्रावरचा अनुभव तिथे धरतात, की हॉस्पिटलच्या वॉर्डातलाच लागतो? वडिलांची केळीची बाग आहे, ती गहाण टाकायची नाही, हे मी ठरवलंय. म्हणून शिष्यवृत्तीचं कुणाला माहीत असेल तर आधी तेच सांगा.