प्रतिसाद: आरती परकी आणि लॅटिन आपली?

वर एका सदस्यांनी लिहिलंय की मराठी मिस्सा (कॅथलिक चर्चमधली मुख्य उपासना) आणि आरतीमुळे भक्तिभाव गेला, ऑर्थोडॉक्सांनी (रशिया, ग्रीसकडच्या ख्रिस्ती शाखेने) मात्र काहीच बदललं नाही. मी वसईचा. आमची आजी लॅटिन मिस्साभर रोझरीचे मणी ओढायची, कारण वेदीकडे तोंड केलेल्या फादरांचं तिला अवाक्षर कळायचं नाही. तरी गुडघे दुखले तरी उठायची नाही, हेही खरंच.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेच्या) १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजात लॅटिन टिकवा असंच म्हटलंय, सोबत लोकभाषेला वाव दिलाय. वेदी फिरवा, म्हणजे फादरांचं तोंड लोकांकडे करा, असं त्यात कुठेही नाही! आरती, समई, चपला बाहेर काढणं, हात जोडून नमस्कार यांना रोमने १९६९ मध्ये भारतासाठी परवानगी दिली. मला विचाराल तर चपला काढण्याइतका आदर दुसऱ्या कशात दिसत नाही. मिस्सात कीबोर्ड वाजवणाऱ्याचा मोठा आवाज हा वेगळा विषय, तिथे मी तुमच्याच बाजूला.

आता ऑर्थोडॉक्सांनी काहीच बदललं नाही, या म्हणण्याबद्दल. सतराव्या शतकात रशियात तिथल्या ऑर्थोडॉक्स चर्चचे प्रमुख (पॅट्रिआर्क) निकॉन यांनी क्रूसाची खूण दोनऐवजी तीन बोटांनी करायला लावली. ‘आलेलुया’ दोनदा की तीनदा, येशूच्या नावात एक अक्षर जास्त की कमी, यावरून चर्च फुटलं. जुन्या रीतीचा कैवारी अव्वाकुम १६८२ मध्ये जिवंत जाळला गेला. आणि निकॉनचा दावा काय, तर आपण मूळ ग्रीक परंपरेकडेच परत जातोय.