प्रहसन बारा मिनिटांचं, टीका दीड पानाची

पऱ्हाटीवाला:
आमच्या शारदा उत्सवातल्या प्रहसनावर ‘शेवटची खुर्ची’ यांनी काल दीड पान खरडलं. त्यातलं मुख्य वाक्य असं: ‘हसू कुठं आहे हे लेखकालाच माहीत नव्हतं, म्हणून एका तिकिटात तीन अर्धवट प्रहसनं पाहिली.’ तिकीटच नव्हतं बाप्पा. फुकट पाह्यलं अन् वर हिशेब मागून रायले.

लिहिणारा मी. नवरात्र म्हणजे सोयाबीनची सोंगणी, हे तुम्हाला कायले सांगू? दिवसभर थ्रेशरवर भुसा खाल्लेली पोरं रात्री नऊला समाजमंदिरात तालमीला येत. तालमी झाल्या चार, त्यातली एक लाइन गेली म्हणून मोबाइलच्या उजेडात. माईक एकच, मधोमध टांगलेला. जो त्याच्याखाली उभा तो बोलका, बाकीचे मुके. तरी बाया तोंडाला पदर लावून हसल्या. त्यांचं हसणं खोटं होतं काय? हौशी पोरांवर कुऱ्हाड चालवणाऱ्यानं आधी एक पान संवाद लिहून दाखवावेत.

शेवटची खुर्ची:
हसल्या, पण कुठं हसल्या तेही ऐका. मी मागं बसलो होतो, कारण पुढच्या दोन रांगा पाहुण्यांसाठी अडवून ठेवल्या होत्या. मागून मांडव चांगला दिसतो.

तुमच्या प्रहसनातल्या म्हाताऱ्याचा शेतकरी सन्मान निधीचा दोन हजाराचा हप्ता अडकला, तो केवायसीसाठी सेतू केंद्रात आला. आंगठा उमटेना. जल्मभर कापूस वेचून रेषाच घासल्या. पडद्यामागून मशीन म्हणते, ‘कृपया पुन्हा प्रयत्न करा.’ धोतराला पुसला. पुन्हा प्रयत्न करा. थुंकी लावली. पुन्हा प्रयत्न करा. मग सेतूवाल्या पोराच्याच डोक्यावरचं तेल बोटाला घेतलं, तेव्हा मांडव लोळला. अन् म्हातारा सावकाश म्हणला, ‘सावकाराच्या वहीत तं एका झटक्यात उमटला होता बावा.’

हे वाक्य मला सुचलं असतं तर वर्षभर गावात छाती काढून फिरलो असतो. हसू वर चढत होतं, अन् तेवढ्यात तुमचा बेवडा ‘ओ सायेब’ करत घुसला. हसू जागच्या जागी मेलं. पुढची सात मिनिटं बेवडा, त्याची बायको, सासू, अन् शेवटी सगळे रांगेत उभे राहून व्यसनमुक्तीची शपथ. आंगठ्याचं काय झालं? म्हातारा कोपऱ्यात उभा होता, त्यानंही शपथ घेतली! त्या बिचाऱ्यानं कधी दारू पिली होती?

वडसा लाइन:
म्हणून म्हणतो, एकदा आमच्या झाडीपट्टीत, पूर्व विदर्भात या. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरली की गावोगाव लोक तिकीट काढून रात्रभर नाटक पाहतात. आमचा विनोदी नट हसू पुरतं उतरल्याशिवाय पुढचं वाक्य टाकत नाही. आमच्या रंगभूमीवरच्या परशुराम खुणेंना २०२३ साली पद्मश्री मिळाली ती काय उगाच? तुम्ही अजून माईकवरच रडून रायले.

खारपाणपट्टा:
आली झाडीपट्टी. कापसाच्या भावाचा धागा असला तरी येते.

मले तं वेगळंच खुपलं. सेतूवाला पोरगा गावचाच ना? मग तो ‘आपण, कृपया’ काऊन बोलते? अन् बेवडा मात्र ठसठशीत वऱ्हाडी. दरसाल हेच. साहेब, डॉक्टर, हिरो पुस्तकातले. बेवडा, चोर, येडा आपले.

मी पुण्यात होस्टेलला होतो. पहिल्याच आठवड्यात मेसमध्ये ‘डोयात काहीतरी गेलं’ म्हणलं तं अख्खं टेबल हसलं. तीन वर्षं माझं नावच ‘डोया’. आरशापुढं उभं राहून ‘केळं, कपाळ, बाभळी’ घोकलं. सुटीत घरी आलो तं आजी मायला विचारते, हा कोन पाहुना आला? तिथं ते हसले ते हसले, इथं आपल्याच मांडवात आपणच हसून रायलो.

सायकलस्वार:
वऱ्हाडीला एवढं कमी लेखू नका. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ सगळ्या महाराष्ट्रानं डोक्यावर घेतलं की.

खारपाणपट्टा:
ते लग्नाचं वऱ्हाड आहे हो! ते लिहिणारे अन् करणारे लक्ष्मण देशपांडे मराठवाड्याचे, बोली तिकडची. आता तेही आमच्या नावावर खपवा.

वडसा लाइन:
अन् ‘आपली बोली’ म्हणजे कोणाची? तुमच्याकडं ळ चा य होते, आमच्याकडं र. तुमी डोया म्हनता, आमी डोरा. विदर्भाची भाषा म्हटली की अमरावती-अकोल्याचीच मोजायची, आमी काय छत्तीसगडचे?

खारपाणपट्टा:
तुमच्या र ला कोणी हात लावला? ज्याला त्याला अमरावतीनं लुटलं म्हणायची सवय झाली.

टाळकरी:
भांडण बेवड्याचं होतं, ळ चं नाही.

शपथेबद्दल मला बोलायचं आहे. ‘समाजप्रबोधन पाहिजेच’ असं मंडळवाले म्हणतात, बरोबर आहे. पण गाडगेबाबा याच मातीतले, शेंडगावचे. कीर्तनात ते लोकांना प्रश्न विचारत, लोक उत्तर देत, अन् आपल्याच उत्तरात अडकून आपल्यावरच हसत. उपदेश त्या हसण्याच्या पोटातच असे. तुम्ही तो ताटात वेगळा वाढला, म्हणून लोक चपला शोधायला उठले.

पऱ्हाटीवाला:
वा. आता मांडवात गाडगेबाबा पण पाहिजेत. बजेट सांगा.

अन् ‘खुर्ची’साहेब, तुम्ही जल्मात एक तरी प्रहसन लिहिलं काय?

शेवटची खुर्ची:
लिहिलं. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात. एक माणूस हसला नाही. खाली उतरल्यावर सगळे म्हणाले, छान झालं. म्हणून पुढच्या वर्षी तेच पुन्हा केलं.

पऱ्हाटीवाला:
...बरं. सावकाराच्या वाक्यानंतर जागा सोडायला पाहिजे होती. मान्य. शपथ अध्यक्षांनी घुसडली, ती माझी नाही. पण बेवडा काढता येत नाही.

शेवटची खुर्ची:
काऊन?

पऱ्हाटीवाला:
मांडव त्याच्या काकाचा आहे. माईक पण.

टाळकरी:
हे आधी सांगायचं ना गड्या! दीड पान लिहायचं वाचलं असतं.

शेवटची खुर्ची:
मग त्याले मशीन करा. पडद्यामागं बसवा, हातात माईक द्या. ‘पुन्हा प्रयत्न करा’ एवढंच म्हणायचं. काका खूष, पोट्टा खूष, अन् म्हातारा मोकळा.

पऱ्हाटीवाला:
विचारून पाहतो. पण मशीन वऱ्हाडीत बोलन. ‘अजून एक डाव लावून पाह्य ना बावा.’

खारपाणपट्टा:
आता कसं बोल्ले! अन् तेल लावल्यावर मशीननं म्हणावं, ‘हे तेल माह्या वळखीचं नाई.’

वडसा लाइन:
‘वळखीचं’मधला ळ चालते वाटते तुम्हाला?