खोटा निकाल सांगितला, नंतर खरं सांगितलं. पण तो मनातून जात नसेल तर? (मदत हवी आहे)

मानसशास्त्रात एम.ए. करतेय. प्रबंधाच्या प्रयोगात अडकले आहे, जाणकारांनी कृपया मार्ग सुचवावा.

सहभागी वीस शब्दकोडी सोडवतात. निम्म्यांना, उत्तरं कशीही असोत, 'तुमचा निकाल सरासरीपेक्षा बराच कमी आहे' असं सांगायचं आणि पुढच्या कोड्याला ते किती वेळ चिकटून राहतात ते मोजायचं. नीतिसमितीची मंजुरी आहे. कारण न देता कधीही थांबता येईल, हे संमतीपत्रात आहे. शेवटी डिब्रीफिंगमध्ये (प्रयोगानंतरच्या खुलाशात) निकाल खोटा होता हे सांगते.

पायलटमध्ये (मुख्य प्रयोगाआधीच्या छोट्या चाचणीत) एका मुलीने निकाल ऐकून पेन्सिल खाली ठेवली ती पुन्हा उचललीच नाही. खरं सांगितल्यावर हसली आणि म्हणाली, "असू दे गं, मी यात कच्चीच आहे, मला माहितीये." दोनदा समजावलं, तरी तेच. रात्री तिचा कागद तपासला. वीसपैकी सोळा बरोबर, सहा जणांत सगळ्यात जास्त! तिथल्या तिथे तपासून तिला दाखवायला हवं होतं. ते फार बोचतंय.

नंतर रॉस, लेपर आणि हबर्ड यांचा 1975 चा अभ्यास वाचला. आत्महत्येच्या खऱ्या-खोट्या चिठ्ठ्या ओळखायला लावून त्यांनीही खोटे निकाल दिले होते. निकाल बनावट होता हे कळल्यावरही लोकांचं स्वतःबद्दलचं मत बरंचसं तसंच राहिलं. असं मत का टिकून राहतं, हेही समजावलं तेव्हा मात्र परिणाम बराच ओसरला.

गाईड म्हणतात, मानसशास्त्रज्ञ मिलग्रॅमच्या विजेच्या झटक्यांपुढे हे काहीच नाही (त्याच्या प्रयोगात सहभागींना, आपण दुसऱ्याला खरेच झटके देतोय, असं भासवलं होतं). पण मिलग्रॅमनेही प्रयोगानंतर खरं सांगितलं होतं, आणि तरीही 1964 मध्ये मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंडने सहभागींच्या मनावरच्या परिणामाबद्दल आक्षेप घेतलाच होता. मला तो पटतो. सही आधी घेतली म्हणून नंतरचं दुखणं आपलं नाही, असं कसं म्हणायचं?

त्या मुलीला पुन्हा गाठून कागद दाखवू का? संमतीपत्रात नंतर संपर्क करण्याचा उल्लेख नाही, आणि तिचा कोड (कागदावर नावाऐवजी असलेला क्रमांक) नावाशी जुळवावा लागेल. समितीला आधी विचारावं, असं वाटतंय.

दुसरं, खोट्या निकालाऐवजी एका गटाला खरोखरच अवघड कोडी दिली तर? खोटं बोलावं लागणार नाही, पण अपयश टोचेलच. कोणी असं केलं आहे का? डिब्रीफिंगमध्ये नेमकं काय बोलता, त्याचा मजकूर मिळाला तर फार उपकार होतील.

मुख्य प्रयोग पुढच्या आठवड्यात आहे. तोवर उत्तर सापडलं नाही तर तो पुढे ढकलायची माझी तयारी आहे.