मदत हवी आहे: स्वमग्न मुलांसोबत नाट्यखेळ घेताना अडले आहे

रंगपेटी: नमस्कार. मी बालनाट्य शिबिरे घेते. आमच्या भागातील एका शाळेने स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांच्या वर्गासाठी मला नाट्यखेळ घ्यायला बोलावले आहे, परंतु शिबिरांत हमखास रंगणारा एकही खेळ तिथे चालत नाही. आरशाचा खेळ, म्हणजे समोरच्याची हालचाल हुबेहूब करायची, घेतला तर मुले माझ्याकडे पाहतच नाहीत, टाळ्यांचा खेळ सुरू केला की एक मुलगा कानांवर हात ठेवून किंचाळतो, आणि ‘तू आता वाघ आहेस’ असे म्हटले तर कोणी जागचे हलत नाही. पुढचे सत्र शनिवारी आहे. कृपया खेळ सुचवा. संयम ठेवण्याचा सल्ला नको.

सह्यवारा: मुलांचे वय काय, ती किती आहेत, बोलतात का, खोली केवढी आहे आणि मदतीला कोण असते? पाच वर्षांचे न बोलणारे मूल आणि बारा वर्षांचे भरभरून बोलणारे मूल या दोघांनाही स्वमग्नच म्हणतात. त्यांचे खेळ एक कसे असतील?

तिसरी घंटा: ब्रिटिश अभिनेत्री केली हंटर यांनी शेक्सपिअरच्या नाटकांवरून स्वमग्न मुलांसाठी खेळ रचले आहेत. सगळे गोलात बसतात, छातीवर हाताने हृदयाच्या ठोक्यांचा ताल धरतात आणि त्या तालावर एकमेकांना ‘हॅलो’ म्हणतात. तेच करा. मात्र मुलांनी नजरेला नजर द्यायलाच हवी, कारण अभिनयाचा पायाच तो आहे.

पाऊलवाट: याला माझा ठाम विरोध आहे. माझा मुलगा स्वमग्न आहे. त्याला नजर मिळवायला लावले की त्याचे सगळे बळ त्यातच खर्च होते आणि समोरचा काय बोलतो ते त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. उलट भिंतीकडे तोंड करून बसलेला असताना तो प्रत्येक शब्द ऐकतो.

सह्यवारा: अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठात ब्लाइद कॉर्बेट यांच्या ‘सेन्स थिएटर’ या उपक्रमाचा 2016 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास 8 ते 14 वर्षांच्या 30 मुलांचा होता, आणि त्यांच्यासोबत आधी प्रशिक्षण दिलेले, स्वमग्न नसलेले सवंगडी होते. लहान मुलांना ते जसेच्या तसे लावू नये, पण असे दोन-तीन सवंगडी मिळाले तर अवश्य घ्यावेत.

दाखलापत्र: पालकांना अपंगत्वाच्या प्रमाणपत्राविषयीही सांगावे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत स्वमग्नता येते.

रंगपेटी: प्रमाणपत्राचा प्रश्न नाही. मुले सात आहेत, वय पाच ते सात. दोघे वाक्ये बोलतात, बाकीचे शब्द किंवा खुणा. एक मुलगी दिवसभर चर्चगेट, मरीन लाइन्स, चर्नी रोड अशी स्टेशने क्रमाने म्हणत असते. सत्र शाळेच्या सभागृहात होते, मदतीला एक ताई असतात, आणि स्नेहसंमेलनात नाटुकले व्हावे अशी शाळेची अपेक्षा आहे.

खडूफळा: मी विशेष शिक्षिका आहे. आधी सभागृह सोडा. तिथे आवाज घुमतो, आणि ज्या मुलाला टाळी कानात टोचते त्याला ती तिथे दुप्पट टोचते. छोट्या खोलीत सतरंजी घाला आणि टाळीऐवजी मांडीवर थाप घ्या. चार खेळांची चार चित्रे भिंतीवर लावा, क्रम दर वेळी तोच ठेवा आणि खेळ संपला की त्याचे चित्र मुलाच्याच हाताने भिंतीवरून उतरवून घ्या. आरशाचा खेळ उलटा करा: मूल हात फडफडवत असेल तर आरसा तुम्ही व्हा, त्याच्या बाजूला बसा आणि त्याचाच वेग धरा, आपण काही केले की समोरचा बदलतो, हे मुलाच्या ध्यानात आले की मग तुम्ही एखादी लहानशी नवी हालचाल करून पाहा. ‘शिवाजी म्हणतो’ जरूर घ्या, पण चुकलेल्याला बाद करू नका. वाघ इतक्यात नको. त्या मुलीकडे तर तुमचे नाटक तयारच आहे. तिला गार्ड करा, ओढणी धरून बाकीच्यांचे डबे करा. ती स्टेशन म्हणेल तेव्हा थांबायचे, एकाने उतरायचे आणि एकाने चढायचे. थांबणे, पाळी पाहणे, दुसऱ्याचे ऐकणे हे सगळे त्यात येते.

तिसरी घंटा: हा वर्गातला उपक्रम झाला, याला नाटक म्हणता येणार नाही. भूमिका आणि प्रेक्षक हवेतच.

पाऊलवाट: गार्ड ही भूमिकाच आहे. प्रेक्षक हवे असतील तर पालकांना त्याच खोलीत बसवा. संमेलनातले दिवे, ध्वनिक्षेपक आणि गर्दी सोसून मुले काय शिकतील, हे शाळेनेच सांगावे.

रंगपेटी: गाडी शनिवारी नक्की घेते. पण स्टेशनांचा क्रम चुकला तर ती मुलगी रडते, आणि मग वर्ग आवरत नाही.

खडूफळा: क्रमाला हात लावू नका. पहिली काही सत्रे गाडी तिच्या क्रमानेच जाऊ द्या. नंतर दोन स्टेशनांच्या मध्ये लाल सिग्नलचे एक कार्ड आणा, ते भिंतीवरच्या चित्रांत आधीच दाखवा आणि ते कधी दाखवायचे हे तिलाच ठरवू द्या.